हॉस्पिटलात दुर्घटना झाली तर आधी कोण बोलणार: मुंबईची पीआर एजन्सी की आपलाच डॉक्टर?

चिपळूण, दापोली, कणकवलीकडे वीस-पंचवीस खाटांचं हॉस्पिटल चालवताय आणि एजन्सीचं वर्षाचं पॅकेज घ्यावं की नको असा विचार चाललाय, तर हे वाचा.

एजन्सी चॅनलवाल्यांचे फोन घेते, प्रेसनोट वकिलाला दाखवून सोडते, पेशंटचा रिपोर्ट चुकून बाहेर जात नाही. आग, ऑक्सिजन असं काही झालं आणि दारात कॅमेरे लागले तर एकट्या डॉक्टरला ते झेपत नाही. सवयीची माणसंही घसरतात, एप्रिल 2021 ला विरारच्या आयसीयूत आग लागली तेव्हा आरोग्यमंत्री राजेश टोपे ही नॅशनल न्यूज नाही म्हणाले आणि लोकांच्या लक्षात तेवढंच राहिलं.

पण आपल्याकडे बातमी चॅनलवर फुटत नाही हो, वाडीच्या ग्रुपवर फुटते आणि पाच मिनिटांत नालासोपाऱ्यातल्या चाकरमान्यांपर्यंत जाते. मी एका हॉस्पिटलात रिसेप्शनला होते, तिथे बाळंतीण गेली. वरून सांगितलं, एजन्सीचा मजकूर येईपर्यंत कोणी तोंड उघडायचं नाही. मजकूर यायला अडीच तास. सासू बाहेर पेजेचा डबा मांडीवर घेऊन बसलेली, दार उघडलं की उठायची, "खरा काय ता सांगा गो" म्हणायची, आणि आम्ही सगळ्या खाली बघत होतो. सून गेल्याचं तिला मुंबईच्या मुलाच्या फोनवरून कळलं. नंतरची ती प्रेसनोट गावात कोणी वाचलीसुद्धा नाही.

डॉक्टर बोलण्यातही धोका आहेच. दमलेला असतो, पहिलंच वाक्य "आमची चूक नाही" असं जातं, नाहीतर कारण ठामपणे सांगून मोकळा होतो आणि पोस्टमॉर्टेममध्ये वेगळंच निघतं. त्यासाठी सराव लागतो: सीनिअर डॉक्टर आणि एक सिस्टर, वेगळी खोली, बसून बोलायचं, "सिरीयस आहे" करत लांबवायचं नाही, "गेल्या" असंच सांगायचं. जेवढं नक्की माहीत तेवढंच. केसपेपरची कॉपी मागितल्यावर 72 तासांत द्यावीच लागते, ते आपणहून सांगा. बिलापायी बॉडी अडवू नका.

माझं मत विचाराल तर छोट्या हॉस्पिटलने पॅकेज घेऊ नये, तो पैसा स्टाफच्या ट्रेनिंगवर आणि फोनवर मिळेल अशा वकिलावर घालावा. शंभर खाटा, एनआयसीयू (नवजात बाळांचा आयसीयू) असेल तर एजन्सी घ्या, पण सही करण्याआधी एकच विचारा: नातेवाइकांना आमच्या डॉक्टरने कधी सांगायचं? "आमचा ड्राफ्ट आल्यावर" म्हणाले, तर त्यांना चहा पाजून परत पाठवा.