ओट-बरसीमची मिश्र पिशवी: पाचपैकी दोन गुण

दिवाळीच्या सुमारास जळगाव-धुळ्याकडच्या कृषी सेवा केंद्रांत ओट आणि बरसीम या चारापिकांच्या एकत्र मिसळलेल्या बियाण्याची पिशवी दिसू लागते. कल्पना उत्तम आहे. ओटाच्या चाऱ्यात प्रथिनं 8 ते 10 टक्के, बरसीमात 17 ते 20. ओट उभा वाढतो, बरसीम खाली जमीन झाकतं आणि स्वतःचं नत्रही बरंचसं कमावतं. घोळ आहे तो पिशवीत.

पिशवी परातीत ओता. वर सगळा लांबट, टरफलाचा ओट, आणि तळाला मोहरीहून बारीक, पिवळं बरसीम. गाडीत हादरे बसले की बारीक दाणा खाली जातो. ती तशीच पाभरीत (पेरणीच्या औजारात) टाकली तर सुरुवातीच्या ओळींत नुसता ओट उगवतो आणि शेवटच्या दोन वाफ्यांत बरसीमाची गर्दी होते. परत मिसळून घेतली तरी खोलीचा प्रश्न राहतोच. ओट 4-5 सेंमी खोल हवा. बरसीम 1 सेंमीखाली गेलं की नीट वर येत नाही. एका फणातून दोन्ही साधत नाही.

ओटाचा दाणा गुलाबी दिसतो, म्हणजे बुरशीनाशक लावलेलं आहे. ओटाला ते चांगलंच, पण त्याच पिशवीतल्या बरसीमाला रायझोबियम (मुळांवर गाठी करून नत्र देणारे जिवाणू) लावलं तर ते जिवाणू मरतात. आपल्याकडे ज्या रानात बरसीम कधी झालेलं नाही तिथे जिवाणूसंवर्धन न लावणं म्हणजे मुळांवर गाठीच नाहीत, महिनाभरात पानं पिवळी. मग लोक युरिया टाकतात, ओट फोफावतो आणि बरसीम सावलीत बसतं.

तिसरी खोट कासनी या तणाची. बरसीमात तिचं तपकिरी-काळपट बी असतंच. ते काढायचं तर 10 लिटर पाण्यात अर्धा किलो मीठ घालून बी बुडवायचं, कासनी तरंगते, ती गाळून टाकायची आणि बरसीम साध्या पाण्याने दोनदा धुवायचं. मिश्र पिशवीत हे जमणारच नाही, टरफलाचा ओटही कासनीबरोबर वर येतो.

दोन गुण कशाचे? ओटाची उगवण चांगली. ओल्या गोणपाटात 100 दाणे गुंडाळून आठवडाभराने मोजा. 85 च्या वर कोंब असतील तर बी घ्यायला हरकत नाही. पण पिशवीवर 'सत्यप्रत' (म्हणजे प्रमाणित नव्हे, विकणाऱ्याच्याच हमीचं बी) एवढंच छापलंय, ओटाचा वाण कुठला याचा पत्ता नाही. केंट की राहुरीचा फुले हरिता, हे घेणाऱ्याला कळायला नको?

त्यापेक्षा दोन्ही सुटं घ्या. 10 गुंठ्यांना ओट 6 किलो, बरसीम 2 किलो. 13 किलो डीएपी खत पेरणीआधी. ओट पाभरीने 30 सेंमीवर पेरायचा. मग गुळाच्या पाण्यात कालवलेलं संवर्धन लावून सावलीत सुकवलेलं बरसीम बारीक मातीत मिसळून फोकायचं, काटेरी फांदी हलकेच फिरवायची आणि हलकं पाणी द्यायचं. दुसरं पाणी 4-5 दिवसांनी, पुढे 10-12 दिवसांच्या अंतराने. काळ्या रानात पाणी साचलं तर आधी ओट पिवळा पडतो, म्हणून वाफे लहान ठेवा. पेरा नोव्हेंबर संपायच्या आत. पऱ्हाटी (कपाशी) उपटून डिसेंबरअखेर पेरलं तर फार तर एक चांगली कापणी हाती लागते, कारण मार्चच्या उन्हात बरसीम बसतं. उन्हाळ्यातही हिरवं हवं असेल तर बरसीमाच्या नादी न लागता लसूणघास वेगळ्या तुकड्यात लावा (त्याच्या बियात अमरवेल नाही ना, ते बघून).

पहिली कापणी 50-55 दिवसांनी, जमिनीपासून 8-10 सेंमी सोडून. खाली खरवडली तर ओट पुन्हा फुटत नाही. नंतर 5 किलो युरिया, त्याहून जास्त नको. ओटात नायट्रेट साठतं, ढगाळ थंडीत तर अधिकच. युरियानंतर लगेच कापलेला चारा ढोरांना बाधतो.

आणि कोवळं बरसीम उपाशी गाईपुढे एकदम टाकू नका, पोट फुगतं. सकाळी कापून तीन-चार तास सुकू द्या, आधी दादरच्या (रब्बी ज्वारीच्या) कडब्याची कुट्टी घाला, मग हे.