तासाची सूचना कशावर घ्यावी: एसएमएस, व्हॉट्सॲप की ॲप?

ऑनलाइन शिकवणी लावली की सुरुवातीलाच विचारतात, तासाच्या सूचना कशावर हव्यात? आम्ही देवगडला घरी बसून तिन्हींवर 'हो' म्हटलं, आणि तिथंच चुकलं.

जुलैतली संध्याकाळ. लेक पडवीतल्या खिडकीपाशी वही उघडून बसली होती, कारण आमच्याकडे रेंज तेवढ्याच जागी येते. पाऊण तासानं म्हणाली, "आये, सर अजून इले नाय." तास रद्द झाल्याचा एसएमएस दुपारीच आला होता. पण सवलती आणि नव्या कोर्सच्या मेसेजांच्या ढिगात तो मला दिसलाच नाही. पोरीचा हिरमुसलेला चेहरा बघून फार वाईट वाटलं.

ॲपवर मी तरी विसंबणार नाही. त्याला नेट लागतं, अँड्रॉइड १३ पासून नोटिफिकेशनची परवानगी वेगळी द्यावी लागते, आणि बॅटरी सेव्हर चालू असला की सूचना अडकून राहतात. गृहपाठ बघायला ठीक आहे.

व्हॉट्सॲप सोयीचं खरं. लांबलचक मराठी मजकूर, तासाची लिंक, पीडीएफ, सगळं एका जागी मिळतं. रत्नागिरी शहरात फायबर आणि इन्व्हर्टर असलेल्या घराला एवढंच पुरे. पण नेट गेलं की मेसेज तिकडेच थांबतो आणि तास होऊन गेल्यावर येऊन पडतो.

एसएमएसला डेटा लागत नाही, आणि आमच्यासारख्या गावात हीच मोठी गोष्ट. पावसात वीज गेली की घरातला राउटर तत्क्षणी बंद. टॉवर मात्र बॅटरीवर काही वेळ तग धरतो, आणि रेंजची एखादी काडी असली तरी एसएमएस येतो. साधा बटणांचा फोनही चालतो. टॉवरच बंद पडला तर मात्र एसएमएससुद्धा नाही. २०२१ च्या तौक्ते वादळात किनाऱ्यानं ते अनुभवलंय.

भाषेची एक अडचण आहे. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत फक्त ७०. मराठी मेसेजचे दोन-तीन तुकडे होतात आणि पाठवणाऱ्याला प्रत्येक तुकड्याचे पैसे पडतात, म्हणून बरेच जण इंग्रजीतच पाठवतात. फोन आजीच्या हाती असेल तर भाषेचा पर्याय आहे का, हे आधी विचारा.

आता आम्ही एसएमएसवर दोनच गोष्टी ठेवल्यात: तास रद्द झाला किंवा वेळ बदलली तर, आणि तासाआधीची आठवण. फी, गुण, गृहपाठ सगळं व्हॉट्सॲपवर. जाहिराती १९०९ या नंबरवर डीएनडी (नको असलेले जाहिरातींचे मेसेज अडवायची सोय) लावून बंद केल्या. त्यानं तासाचे मेसेज अडत नाहीत. वैतागून मेसेजला 'स्टॉप' असं उत्तर मात्र पाठवू नका, काही ठिकाणी त्यानं सगळ्याच सूचना बंद होतात. शिकवणीच्या प्लॅटफॉर्मच्या सेटिंगमध्ये जाऊन नको त्या सूचनांपुढची एकेक खूण काढून टाका.

नंबर द्यायचा तो तासाच्या वेळी घरात असणाऱ्याचा. बाबा बोटीवर असतील तर त्यांच्या नंबरचा काय उपयोग? आणि आठवण दहा मिनिटं आधीची घेऊ नका, एक तास आधीची घ्या. मेसेज थोडा रेंगाळला तरी फोन चार्जिंगला लावायला आणि पोरीला खिडकीपाशी बसवायला वेळ मिळतो.