पेटीच्या नाकासाठी: १०७३ की ४००० ई?

स्टुडिओतल्या जुन्या कन्सोलच्या (मिक्सिंगच्या मोठ्या टेबलाच्या) धाटणीचा एकच इक्यू प्लग-इन (आवाजातले खालचे-मधले-वरचे पट्टे चढवणारं-उतरवणारं संगणकातलं सॉफ्टवेअर) घेण्यापुरते पैसे ज्यांनी बाजूला काढलेत आणि ज्यांची गाडी नीव्ह कंपनीचा १०७३ की एसएसएलचा ४००० ई इथे अडली आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझी तीनेक वर्षं या दोन घराण्यांमध्ये गेली. कामं बहुतेक अभंग आणि भावगीतं, अधूनमधून एखादी जाहिरात. रॉकवाल्यांचा अनुभव वेगळा असू शकेल.

आधी १०७३ चं कौतुक, कारण ते मनापासून आहे. १९७० सालचं डिझाइन, वरचं शेल्फ (एका जागेपासून वरचा सगळा भाग एकत्र उचलणारा पट्टा) १२ किलोहर्ट्झला खिळलेलं. गायिकेच्या आवाजावर ते तीन-चार डेसिबल (डीबी) उचललं की झिलई येते आणि ‘स’ टोचत नाही. डग्ग्याला ६० किंवा ११० वर थोडं चढवा, घुमारा भरतो. फक्त एक जपा : इनपुट चढवला की आवाजाला चढणाऱ्या रंगाबरोबर त्याची पातळीही वाढते, आणि मोठं ते कानाला गोडच लागतं. आउटपुट उतरवून बायपासशी (इक्यू बंद ठेवल्यावरच्या आवाजाशी) ताडून पाहिलं तेव्हा माझ्या लाडक्या गोडव्यातला निम्मा भाग नुसता मोठेपणा निघाला. उरलेला निम्मा मात्र खरा होता.

मग पेटी आली.

आषाढीच्या तोंडावर अभंगांचा एक संच मिक्सला आला होता. पेटीला माइक अगदी जवळ लावलेला, त्यामुळे ती सगळ्या गाण्यांत नाकातून बोलत होती. १०७३ च्या मिडला, म्हणजे मधल्या पट्ट्याला, सहाच थांबे : ३६० हर्ट्झ, ७०० हर्ट्झ, मग १.६, ३.२, ४.८ आणि ७.२ किलोहर्ट्झ. ७०० कमी केलं तर पेटीचं पोट गेलं. १.६ कमी केलं तर सुरांची धार गेली, नाक जिथल्या तिथे. पट्ट्याची रुंदीही आपल्या हातात नाही. दोन रात्री मी त्या दोन थांब्यांमध्ये येरझाऱ्या घातल्या. मूळ यंत्रात इंडक्टरच्या वेटोळ्यातून ठरावीक जागी तारा बाहेर काढलेल्या असतात आणि स्विच त्यांच्यावरून फिरतो, मधे उभं राहायला जागाच नसते. लोखंड-तांब्याच्या वस्तूचं हे समजू शकतं. माझ्या प्लग-इननं तीही अडचण इमानेइतबारे उतरवून घेतली होती.

तोच ट्रॅक ४००० ई वर घेतला. खालचा मिड २०० हर्ट्झपासून २.५ किलोहर्ट्झपर्यंत सलग फिरतो. क्यू (पट्ट्याची रुंदी) अरुंद केला, पट्टा भरपूर चढवला, फिरवत गेलो; ११०० च्या आसपास नाक सापडलं. तिथे चार डीबी कमी केले आणि पेटी गायकाच्या मागे जाऊन बसली. चहा गार व्हायच्या आत काम झालं.

‘मग १०७३ च्या आधी डॉचा (DAW, म्हणजे रेकॉर्डिंग-मिक्सिंगच्या मुख्य सॉफ्टवेअरचा) फुकटातला इक्यू लाव की,’ असं एका मित्रानं सुचवलं. लावला. मग लक्षात आलं की नेमकं काम फुकटवाला करतोय आणि पैसे मी रंगाचे मोजलेत. तुम्हाला हे चालत असेल तर माझा निम्मा मुद्दा इथेच संपतो. मला प्रत्येक पेटीमागे दोन खिडक्या उघडायचा कंटाळा आला.

हाय-पासचंही (ठरवलेल्या जागेखालचा आवाज कापणाऱ्या फिल्टरचंही) थोडं तसंच. घरी केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये विजेची ५० हर्ट्झची घरघर येते, सोबत १०० चं भावंडही. १०७३ वर ८० नंतर थेट १६०. ८० वर भावंड सुटतं, १६० वर पुरुषी आवाजाची छाती जाते. ४००० ई वर मी १२० ला थांबतो.

४००० ई चे दोषही सांगायला हवेत. तो कोरडा आहे. वरचा भाग हात सैल सोडून चढवलात तर टाळ कानात घुसतात. १०७३ अशा चुका पोटात घालतो. शिवाय तपकिरी आणि काळ्या नॉबचे दोन अवतार आहेत. काळा १९८३ मध्ये बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांच्या एअर स्टुडिओच्या निमित्तानं घडला. बऱ्याच प्लग-इनमध्ये दोन्ही मिळतात; मी काळाच वापरतो, त्याचं ठाम कारण मात्र देता येणार नाही.

१०७३ मी काढून टाकलेला नाही. गायिकेचा आवाज आला की हात आपसूक तिकडे जातो. पण हे माझे कान आणि माझी दहा बाय बाराची खोली. दोन्हींची ट्रायल आवृत्ती उतरवा, आवाजावर लावायचा मोह आवरा आणि आधी तुमच्याकडची सगळ्यात त्रासदायक पेटी उघडा.