वाहनतळासाठी स्वस्त वीजदर शोधून देणाऱ्या सेवा: कुठे कामाच्या, कुठे तोकड्या

जिथे वीजपुरवठादार निवडायची मुभा आहे, तिथे बहुमजली वाहनतळांना दर मिळवून देणारे दलाल बरेच आहेत. बिल द्यायचं, चार-पाच पुरवठादारांचे दर मागवायचे, एक निवडायचा. युनिटचा दर खाली आणायला या सेवा खरंच उपयोगी पडतात, कारण वाहनतळाचा मूळ भार सपाट, म्हणजे दिवसरात्र जवळपास सारखाच असतो. 100 वॅटचे 200 दिवे चोवीस तास चालले की सलग 20 किलोवॅट, म्हणजे वर्षाला 1,75,200 युनिट, आणि त्यातले बरेचसे रात्री-पहाटेचे. नुसते एकूण युनिट कळवणारा दलाल हा फायदा वाया घालवतो. 12 महिन्यांच्या बिलांसोबत मीटरच्या पंधरा किंवा तीस मिनिटांच्या नोंदी जो मागत नाही, त्याला कामच देऊ नये.

बहुतेक सेवा तोकड्या पडतात त्या डिमांड चार्जवर, म्हणजे महिन्यातल्या कमाल मागणीवर (एका वेळी ओढलेल्या सर्वाधिक किलोवॅटवर) लागणाऱ्या आकारावर. 50 किलोवॅटचे दोन फास्ट चार्जर बसवले आणि महिन्यात एकदाच, पंधरा मिनिटं, दोन्ही पूर्ण क्षमतेने एकदम चालले, तरी कमाल मागणी 20 वरून 120 किलोवॅटवर जाते. आकारणी महिनाभर त्याच आकड्यावर. हा आकार सहसा वितरण जाळ्याचा असतो, पुरवठादार बदलून तो जात नाही. चार्जरच्या लोड मॅनेजमेंटमध्ये दोघांची मिळून 60 किलोवॅटची मर्यादा घातली की कमाल मागणी 80 वर राहते. दराआधी ही गोष्ट काढणारा दलाल मिळाला तर त्याला धरून ठेवा! तळघरातल्या पंख्यांना कार्बन मोनॉक्साइड सेन्सर आणि व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) लावणंही असंच: वेग निम्मा केला की वीज साधारण एक अष्टमांश लागते.

करारात सगळ्यात जास्त फसगत होते ती वापराच्या मर्यादेने. ‘ठरलेल्या वापराच्या 10 टक्के कमी-जास्त’ असं कलम असेल आणि सही झाल्यावर 100 वॅटच्या जागी 40 वॅटचे एलईडी लावले, तर दिव्यांचा वापर 60 टक्के घटतो आणि बचत दंडात जाते. एलईडी आधी लावा, नाहीतर ही मर्यादा वाढवून घ्या.

‘मोफत सेवा’ म्हणजे कमिशन दरातच मिसळलेलं असतं. युनिटमागे किती, ते लेखी घ्या. ‘फिक्स्ड’ दरात जाळ्याचे आकार धरलेत की वेगळे लागणार, तेही विचारा. मुदत संपण्याआधी नोटीस द्यायची तारीख कॅलेंडरवर टाका. ती हुकली तर बऱ्याच करारांत आपोआप चढ्या दराने नूतनीकरण होतं.