राउंडक्यूबमधील फोल्डर शेअरिंग: वर्षभराच्या वापरानंतर

आमच्याकडे चौकशीचे सगळे मेल एकाच पत्त्यावर येतात आणि त्यांना उत्तरे देणारे आम्ही चौघे आहोत. त्या खात्याचा पासवर्ड चौघांनी वापरण्याची जुनी पद्धत बंद करून गेले वर्षभर आम्ही राउंडक्यूब या वेबमेलमधील फोल्डर शेअर करण्याची सोय वापरत आहोत. सोय उत्तम आहे. मात्र कोणाला कोणता हक्क द्यायचा हे आधी ठरवले नाही, तर तीच डोकेदुखी होऊन बसते.

मांडणी सोपी आहे. सेटिंग्जमध्ये हवे ते फोल्डर निवडले की शेअरिंगचा टॅब दिसतो. तिथे सहकाऱ्याचे नाव घालून वाचणे, लिहिणे, पुसणे यांपैकी हव्या त्या हक्कांवर खूण करायची. टॅब दिसत नसेल तर सर्व्हर सांभाळणाऱ्यांना विचारावे, कारण त्यासाठीचे प्लगइन, म्हणजे जोडप्रोग्राम, सुरू असावे लागते आणि मागच्या आयमॅप सर्व्हरलाही, म्हणजे मेल साठवून दाखवणाऱ्या सर्व्हरलाही, एसीएल, म्हणजे हक्कांची यादी, चालावी लागते. सहकाऱ्याने स्वतःच्या सेटिंग्जमध्ये ते फोल्डर सबस्क्राइब केल्याशिवाय, म्हणजे दाखवण्यासाठी निवडल्याशिवाय, त्याला ते डावीकडच्या यादीत दिसत नाही. पहिल्या दिवशी तिघांनीही ‘काहीच दिसत नाही’ असे कळवले, त्याचे कारण एवढेच होते.

या सोयीचे खरे बळ तपशीलवार हक्कांत आहे. २००५ सालच्या आरएफसी ४३१४ या इंटरनेट मानकात ११ स्वतंत्र हक्क सांगितले आहेत आणि प्रत्येकाला एक अक्षर दिले आहे. आम्ही सुरुवातीला सरसकट सगळे हक्क सगळ्यांना देऊन टाकले, ही आमची चूक होती. एका सहकारी बाईंनी जुनी पत्रे आवरताना काही मेल पुसले आणि आम्ही ते मूळ खात्याच्या कचरापेटीत शोधत बसलो; प्रत्यक्षात पुसलेले मेल पुसणाऱ्याच्या स्वतःच्या कचरापेटीत जातात, त्यामुळे ते त्यांच्याकडे सापडले. त्यानंतर ‘टी’ आणि ‘ई’ हे पुसण्याचे दोन्ही हक्क आम्ही एकाच व्यक्तीकडे ठेवले. ‘ए’ हा हक्क तर फारच जपून द्यावा, कारण तो ज्याच्याकडे असतो तो इतरांनाही हक्क देऊ शकतो.

वाचल्याच्या खुणेबाबत सर्व्हरनुसार फरक पडतो. डव्हकॉट या आयमॅप सर्व्हरमध्ये मुळात ही खूण सगळ्यांची एकच असते, म्हणजे एकाने मेल उघडला की इतरांनाही तो वाचलेला दिसतो. सायरस या दुसऱ्या सर्व्हरमध्ये ती प्रत्येकाची वेगळी असते. उघडलेला मेल म्हणजे उत्तर दिलेला मेल नव्हे, म्हणून आम्ही या खुणेवर विसंबत नाही. त्याऐवजी उत्तर दिल्यावर उमटणारा बाण पाहतो. तो बाण सगळ्यांना दिसण्यासाठी उत्तर देणाऱ्याकडे ‘डब्ल्यू’, म्हणजे मेलवर खुणा करण्याचा, हक्क असलाच पाहिजे, नाहीतर एकाच चौकशीला दोघांची उत्तरे जातात.

उत्तराची प्रत कुठे राहते, हा प्रश्न सुरुवातीला आमच्या लक्षातच आला नव्हता. नेहमीच्या मांडणीत ती पाठवणाऱ्याच्या स्वतःच्या पाठवलेल्या मेलमध्ये जाते आणि इतरांना काय उत्तर गेले ते समजत नाही. मेल लिहिण्याच्या पसंतींमध्ये ‘उत्तर मूळ मेलच्याच फोल्डरमध्ये ठेवा’ या अर्थाचा पर्याय आहे. तो चौघांनीही सुरू केला, प्रत्येकाला ‘आय’, म्हणजे फोल्डरमध्ये मेल ठेवण्याचा, हक्क दिला, आणि आता प्रश्न व उत्तर एकाखाली एक दिसतात. माझ्या मते या एका पर्यायासाठीच ही सोय वापरावी.

उणिवाही आहेत. बाहेरच्या पत्त्याच्या माणसाला फोल्डर देता येत नाही. फोल्डर वाचायला मिळाले म्हणून त्या पत्त्यावरून मेल पाठवता येतोच असे नाही. त्यासाठी वेगळी ओळख, म्हणजे पाठवणाऱ्याचे नाव-पत्ता, आणि सर्व्हरची परवानगी लागते. आधीपासून असलेल्या उपफोल्डरांचे हक्क आम्हाला एकेक करून द्यावे लागले.

मध्यंतरी आमच्यातले एक जण दुसऱ्या कामावर गेले. शेअरिंगच्या यादीतील त्यांच्या नावाची ओळ काढली, आणि उरलेल्या तिघांना पासवर्ड बदलावा लागला नाही.