स्क्रीनवर २०० डिग्री, आत जळालेला कापूस

गेल्या आठवड्यात कॉलेज रोडला, मी जिथे फसलो त्याच दुकानात दोन पोरं तसलाच व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, हातात घेऊन उभी दिसली, म्हणून लिहायला बसलो. माझे साडेचार हजार गेले ते गेलेच, निदान दुसऱ्या कुणाचे तरी वाचावेत.

मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत पॅनेल वायरिंगचं काम करतो. वीस वर्षांची सिगारेट सोडायची होती. मोबाइलच्या कव्हर-चार्जरच्या दुकानात काउंटरखालून व्हेप मिळतो असं कळलं आणि गेलो. पोरगा म्हणाला, "काका, साधा वॅटवाला नका घेऊ. हा टेंपरेचर कंट्रोलवाला घ्या. स्टीलची कॉइल आहे, दोनशे डिग्रीच्या वर जाणारच नाही. छातीला काही त्रास नाही."

मला पटलं, कारण त्यामागचं तत्त्व माझ्या धंद्यातलंच. व्हेपमध्ये तारेची छोटी कॉइल तापते, कापसात मुरलेल्या लिक्विडची वाफ होते आणि ती ओढायची. बादलीत टाकायची हीटरची रॉड ठरलेले वॅट ओढतच राहते, पाणी असो नसो. कोरडी पडली की जळते. वॅट मोड तसाच. टेंपरेचर कंट्रोल म्हणजे इस्त्री, हवी तेवढी तापली की करंट कमी. फक्त व्हेपमध्ये वेगळा थर्मोस्टॅट नसतो. कॉइलची तार तापली की तिचा रेझिस्टन्स वाढतो आणि त्यावरून मशीन गरमी ओळखतं. निकेल, टायटॅनियम, ३१६ नंबरचं स्टेनलेस स्टील या तारांचा रेझिस्टन्स मोजण्याइतका वाढतो. कँथाल म्हणजे लोखंड, क्रोमियम, अ‍ॅल्युमिनियमची हीटरची तार, तिचा जवळजवळ हलतच नाही, म्हणून कँथालची कॉइल वॅट मोडलाच चालते.

तिसऱ्या रात्री गच्चीवर झुरका ओढला आणि घसा सोलून निघाला. करपलेल्या चिंधीसारखा वास. टाकीतलं लिक्विड तळाला गेलं होतं, स्क्रीनवर मात्र २००. कापूस कोरडा पडला की कंट्रोलने करंट आवरायला हवा, तेवढ्यासाठीच तर जास्तीचे पैसे मोजले होते! कॉइल उघडली तर कापूस मधोमध काळाठिक्कर. हे लिक्विड प्रमाणाबाहेर तापलं की त्यातून फॉर्मल्डिहाइड, अ‍ॅक्रोलिन असले विषारी वायू निघतात. ते मी छातीत भरून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी कॉइल कामावर नेली आणि लोहचुंबक जवळ धरला. टचकन चिकटली. ३१६ स्टील असं चिकटत नाही. मग नवीन कापूस भरून, लिक्विडमध्ये भिजवून झुरका न घेता नुसतं बटण दाबलं आणि रेझिस्टन्सचा आकडा बघत राहिलो. गार असताना ०.५ ओहम, तापल्यावरही ०.५. स्टीलची असती तर दोनशेला ०.५८च्या आसपास दिसली असती. म्हणजे कॉइल कँथालची. मशीनच्या लेखी ती गारच होती, म्हणून ते करंट सोडत राहिलं. स्क्रीनवरचे २०० हा मी लावलेला आकडा होता, मोजलेला नव्हता.

दुकानात गेलो तर म्हणाला, "बिल आहे का?" बिल कुठून असणार? पैसेही यूपीआयवर भलत्याच नावाने घेतलेले. आवाज चढवला तसा तोही चढला, "जा ना पोलिसात, माल तुमच्याच खिशात आहे." २०१९च्या कायद्याने आपल्याकडे ई-सिगारेटच्या विक्रीवर आणि साठ्यावर बंदी आहे. विकणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं आणि गिऱ्हाईक घाबरून गप्प बसतं हेही. मीही खाली मान घालून बाहेर पडलो. त्याचा राग अजून जात नाही.

वॅट की टेंपरेचर, हा प्रश्नच इथे येत नाही. काउंटरखालून येणाऱ्या मालात तार कसली, लिक्विडमध्ये काय, हे विकणाराही सांगू शकत नाही.

मशीन फोडून टाकलं. सिगारेटच्या पाकिटावर व्यसन सोडण्यासाठीचा १८००-११-२३५६ हा सरकारी नंबर छापलेला असतो, इतकी वर्षं तो वाचून पाकीट खिशात टाकत होतो. मंगळवारी तिथे फोन केला.