निकॉन मोनार्क एम५ ८×४२ : दाट जंगलासाठी घ्यावी का?

नारिना कर्णा दुर्बिणीची खरी परीक्षा घेतो. सिएरा लिओनपासून इथिओपियापर्यंत आणि खाली दक्षिण आफ्रिकेपर्यंतच्या जंगलांत आढळणारा हा ३०-३४ सेंमीचा पक्षी सुरवंट, नाकतोडे, रातकिडे टिपून खातो. नराचं पोट लालभडक, पण बसतो मात्र हिरवी पाठ आपल्याकडे करून, अंग चोरून, अजिबात न हलता. युगांडाला निघालेल्या इंदूरकरांनी दुर्बीण घेताना हा पठ्ठ्या डोळ्यांसमोर ठेवावा. पावसाळ्यात चोरलच्या झाडीत नवरंग किंवा दूधराज शोधतानाही अडचण हीच येते.

१० पटीच्या मोहात पडू नका. ४२ मिमीच्या भिंगाला ८ पट असेल तर डोळ्यात शिरणारा प्रकाशाचा गोल ५.२५ मिमीचा असतो, १० पटीत तो ४.२ वर येतो. झाडाखालच्या अंधारात हा फरक जाणवतो. वर हाताची थरथरही जास्त दिसते.

एम५ ची काच ईडी (प्रकाशातले रंग कमी फाकवणारी) आहे, त्यामुळे उजेडाकडे तोंड करून पाहतानाही फांदीच्या कडेला जांभळी किनार कमी दिसते. वजन ६३० ग्रॅम. डोळा १९.५ मिमी दूर ठेवता येतो, म्हणजे चष्मेवाल्यांची मजाच. खटकतं ते दृश्यक्षेत्र: फक्त ६.४ अंश. १० मीटरवर जेमतेम १.१ मीटर रुंदीचा तुकडा दिसतो. पक्षी उडाला की गेलाच! निकॉनच्याच मोनार्क एम७ ८×४२ ला ८.३ अंश मिळतात, म्हणजे तेवढ्याच अंतरावर जवळपास दीड मीटर. तीत २ मीटरवरचंही स्पष्ट दिसतं, एम५ ला २.५ लागतात. ती ४० ग्रॅम जड आणि महाग आहे खरी, पण जंगलच करायचं असेल तर पैसे तिथे घाला. सिरपूरच्या तळ्यावरच्या बदकांना एम५ पुरून उरते.

घेण्याआधी संध्याकाळी राजवाड्याच्या लाकडी सज्ज्यांखालच्या सावलीत कोरीवकाम कितपत उठून दिसतं ते बघा. एखाद्या वायरीच्या दोन प्रतिमा दिसल्या तर नळ्या जुळलेल्या नाहीत; तो नग परत करा.

आधी डावा डोळा मधल्या चाकाने जुळवा, मग चाक न हलवता उजवा डोळा उजव्या कड्याने. आत नायट्रोजन असल्याने भिंगं आतून धुरकटत नाहीत. एसी गाडीतून उतरल्यावर बाहेरून मात्र वाफ धरतेच. पंधरा-वीस मिनिटं पिशवीतच राहू द्या, शर्टाच्या टोकाने पुसू नका. धुळीने लेपावर चरे पडतात.